जेवायला बोलावलं होतं

...नाही, मला एक सांगा, माणसाला बोलवायचं म्हणजे आणखी कसं बोलवायचं? पत्रिका टाकली नाही, फोन केला नाही, कोणाच्या हाती निरोप धाडला नाही. जातीनं जाऊन बोलावलं होतं हो मी. बोळिंजपासून आचोळ्यापर्यंत, निम्मं रिक्षानं आणि निम्मं पायी, कारण रिक्षावाला 'आगे रस्ता खराब है' म्हणून जिथं उतरवतो तिथूनच आपल्या लोकांची घरं सुरू होतात. प्रत्येकाच्या सोफ्यावर बसलो, प्रत्येकाचा चहा प्यालो. डॉक्टरांनी साखर बंद केलेली माझी, तरी प्यालो, कारण आपण चहा नाकारला की समोरचा आपलं आमंत्रण नाकारायला मोकळा होतो. आणि प्रत्येक जण जिन्यापर्यंत सोडायला येऊन काय म्हणाला? 'नक्की येतो, पेडणेकर.' नक्की. नुसतं येतो नाही, नक्की येतो. तुम्हाला सांगतो, 'नक्की' हा शब्द ज्यानं काढला त्याला मी शोधतो आहे.

कशाचं आमंत्रण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल माझ्या नातवाची मुंज होती. दोन हजार चार सालच्या नाताळानंतर दुसऱ्याच दिवशी समुद्राची ती लाट आली ना, ती. श्रीलंकेत एका किनाऱ्यावर लहान मुलांची एक शाळा होती, मुलं तिथंच राहायची, तिचं छप्पर वाहून गेलं. त्या छपरासाठी जानेवारीत, एका शनिवारी संध्याकाळी, माझ्या मित्रानं जेवण ठेवलं होतं. आता विरारच्या माणसाला श्रीलंकेतल्या छपराशी काय देणंघेणं, असं तुम्ही विचाराल. विचारा. सगळ्यांनी विचारलं.

हा माझा मित्र म्हणजे क्लेमेंट तुस्कानो. नोकरीची सगळी वर्षं आम्ही एका कचेरीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना काढली. त्याची फाईल माझ्याकडे यायची, माझी त्याच्याकडे जायची. त्यातून सरकारचं काम किती पुढं सरकलं ते सरकारला ठाऊक, पण आमची दोस्ती झाली. त्याचं गाव इथंच, बोळिंजच्या पलीकडं, केळीची आणि मोगऱ्याची वाडी. मी मूळचा मालवणकडचा. विरारला जागा घे म्हणून मला त्यानंच सांगितलं. 'पाणी चांगलं आहे,' म्हणाला. विरारला, पाणी. एवढं होऊनही मी मैत्री तोडली नाही, यावरून काय ते समजा.

क्लेमेंटला एकुलती एक मुलगी, रोवेना. ती सिस्टर झाली. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नव्हे, मठातली. लहानपणी मी तिला गणित शिकवायला जायचो आणि तिला असे मार्क पडायचे की मी म्हणायचो, 'पोरी, तुझं आता देवच बघेल.' तिनं ते मनावर घेतलं. तर ती त्या शाळेत होती. नाताळात घरी जायला ज्यांना घरच नव्हतं, अशा मुलांना घेऊन त्या सकाळी किनाऱ्यावर गेली होती. पाणी वर चढायला लागलं तेव्हा मुलांना तिनं पुढं पळवलं, आणि दोन-तीन बारकी मागं राहिली होती त्यांना आणायला परत वळली. इथपर्यंतच कळलं. पुढचं सांगायला कोणी नाही.

पहिल्या दिवशी त्यांच्या मोठ्या सिस्टरचा फोन आला, 'सापडली नाही.' मग रोज तोच फोन. आणि मग एक दिवस, 'शोध थांबवला आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.'

क्लेमेंटनं फोन ठेवला आणि बायकोला, मटिल्डाला, जसंच्या तसं सांगितलं. तर मटिल्डा काय म्हणाली? 'सापडली नाय म्हणाल्या ना? मेली म्हणाल्या का? नाय ना? मग माझ्या घरात कोणी काळं घालायचं नाय, आणि कोणी रडायला यायचं नाय.' आणि उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेली. परत आली ती छपराचा विषय घेऊन. 'शाळेचं छप्पर गेलं म्हणतात. रोवेना परत आली की पोरांना बसवील कुठं? आपण छपराचं बघू.'

त्यांच्या गावात ही रीतच आहे. चर्चला घंटा बसवायची असो की कोणाचं जळकं घर उभं करायचं असो, जेवण ठेवतात. गाणी, हौजी म्हणजे तो आकड्यांचा तंबोला, पोटभर जेवण, आणि दाराशी एक पेटी. ज्याला जे टाकायचं ते टाकावं, बघायला कोणी नसतं. मटिल्डा म्हणाली तसंच करायचं, गाण्यासकट करायचं.

मग क्लेमेंट माझ्याकडं आला. 'गावातल्यांचं मी बघतो, ऑफिसातल्यांना तू बोलाव. पण रोवेनाचं काही बोलू नकोस.' मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, 'अरे, ते कळलं तर सगळे भेटायला येतील. मटिल्डाला जेवायला आलेली माणसं हवी आहेत.'

मी म्हटलं, बोलावतो. आमची बायको सुहासिनी, तिनं तेवढा सल्ला दिला. 'अहो, मदतनिधी-बिदतनिधी म्हणू नका, लोक दाराला आतून कडी लावतात. जेवण आहे म्हणा. आधी पोटात जाऊ दे, मग खिशात हात जाईल.'

तर निघालो. आधी आचोळे, आशालताबाई कर्णिक. आमच्या हेड टायपिस्ट, रिटायर झाल्या तरी बोलणं अजून टायपिंगच्याच वेगाचं. 'अगंबाई, श्रीलंका? अहो पेडणेकर, लाट आपल्या तमिळनाडूत नाही का आली? आधी आपलं घर बघावं माणसानं.' म्हटलं, अगदी बरोबर. तमिळनाडूला काय पाठवलंत? 'नाही, अजून विचार चालू आहे.' म्हटलं, विचार होईपर्यंत जेवून तर जा. 'नक्की येते.'

मग कॅशियर सावे. यांना आयुष्यात कधी सुटे पैसे नाहीत असं सांगण्याखेरीज दुसरं काही सांगताना मी ऐकलं नव्हतं. पण श्रीलंका म्हटल्याबरोबर माणूस ताठ बसला. 'पेडणेकर, शहाण्णवची सेमीफायनल विसरलात?' मी म्हटलं, सावे, ती पोरं सहा-सात वर्षांची आहेत हो, शहाण्णव साली जन्मली नव्हती. 'ते आहे,' म्हणाले, 'पण माणसाला वाटतं ना.' म्हटलं, ते राहू दे, जेवायला या. 'बरं, येतो. नक्की.'

मग आमच्याच इमारतीचे सेक्रेटरी, जितेश. तरुण माणूस. 'काका, टेन्शन नाय घ्यायचं. अख्खी बिल्डिंग घेऊन येतो. फक्त एक मेसेज टाकून द्या.' मेसेज कुठं टाकतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी आपलं खालच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, पाण्याच्या वेळांच्या खाली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळा बदलल्या आणि मला पुसून टाकलं.

आणि काशीराम. काशीराम भोईर, आमचा आवक-जावक. त्याचा पहिला प्रश्न, 'जेवायला काय?' भुजिंग आहे म्हटलं. 'कोंबडीचं? पोहे घालून, आगाशीसारखं? आणि आम्हा शनिवार पाळणाऱ्यांना? बिरडं? वाल सोललेले आहेत ना नीट? आणि तिखट-मिठाचं सांगून ठेव हां पेडणेकर, क्लेमेंटकडं मागं जेवलो होतो तेव्हा रस्सा जरा फिक्का होता.' मागं म्हणजे रोवेनाच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे त्यांच्यातली मुंजच. पोरगी तेव्हा तिसरीत. पण काशीराम जेवणातली खोट विसरत नाही. लग्नात जेवला की यजमानाला बाजूला घेऊन सांगतो, जिलबी मऊ, वरण पाणी, बाकी लग्न छान. आणि काशीरामचं एकट्याचं कशाला, आमचं सगळं ऑफिसच तसलं. आमच्या कॅन्टीनचा आचारी आमची तोंडं बघून नोकरी सोडून गेला तो थेट गिरनारला, असं म्हणतात.

शनिवार उजाडला. गावातल्या शाळेचा हॉल, रंगीत दिव्यांच्या माळा, खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात गावचा बँडवाला आल्बर्ट आपली तीन माणसं घेऊन बसलेला, मागं चुलवणावर ही मोठमोठी पातेली. सगळं मटिल्डानं रांधलेलं. बायका मदतीला येतो म्हणाल्या तर नको म्हणाली, रोवेनाच्या पोरांचं आहे, मीच करते. आणि स्वतः दारात उभी. मोरपंखी साडी, डोक्यात स्वतःच्या वाडीतला मोगरा. लेकीच्या लग्नात आई उभी राहते ना, तशी. लेकीचं लग्न काही झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. पण हौस राहते माणसाची.

सात वाजले, कोणी नाही. म्हटलं, आपली माणसं, सातचे आठ करणारच. आठ वाजले, कोणी नाही. अहो, जातीनं जाऊन बोलावलं होतं मी... दर पाच मिनिटांनी फाटकाशी जायचो, रस्ता बघायचो, परत यायचो. मटिल्डा विचारायची, 'दिसलं कोण?' मी म्हणायचो, 'वाटेत असतील.' कोणाच्या वाटेत, देव जाणे.

बरं, आमचे शहरातले नाही आले, गावातले कुठं गेले? फाटकाबाहेर क्लेमेंटचा शेजारी फर्डिनंड सायकल धरून उभा होता. आतही येईना आणि जाईही ना. मी म्हटलं, फर्डिनंड, चल की आत. तर खाली बघत म्हणाला, 'कसं येऊ काका? तिच्या हातचं खायाचं आन् तिच्या तोंडाकडं बघायाचं? घास उतरंल का?' म्हणजे बघा, गावातल्या सगळ्यांना माहीत होतं म्हणून ते आले नाहीत, आणि माझ्या मित्रांना काहीच माहीत नव्हतं म्हणून ते आले नाहीत. आता बोलवायचं तरी कोणाला?

आला एकटा काशीराम. तो जेवण असलं की येतोच.

मटिल्डा म्हणाली, माणसं येईपर्यंत हौजी सुरू करा. झाली सुरू. खेळायला कोण, मी, सुहासिनी, क्लेमेंट आणि काशीराम. आल्बर्ट माइकवरून रिकाम्या खुर्च्यांना आकडे पुकारतोय, 'टू फॅट लेडीज, एटी-एट...' आणि पुढं थोडा थांबतोय, लोक हसतील म्हणून. पहिली ओळ काशीराम. मधली ओळ काशीराम. फुल हाउस काशीराम. आयुष्यात त्याला कधी काही लागलं नव्हतं, त्या दिवशी सगळं लागलं, आणि टाळ्या वाजवायला आम्ही तिघं.

खुशीत येऊन त्यानं क्लेमेंटच्या पाठीवर थाप मारली. 'तुस्कानो, पोरगी नाही दिसली रे तुझी. कुठं असते ती आता?'

मी डोळ्यांनी खुणावलं, सुहासिनीनं त्याचा शर्ट ओढला. पण क्लेमेंट... इतकी वर्षं सरकारी नोकरी करून या माणसाला एक साधं खोटं बोलता येत नाही हो. मटिल्डा दारात होती, तिकडं बघत त्यानं हळू आवाजात काशीरामला सगळं सांगितलं. आकडे पुकारतात तसं, एकामागून एक.

काशीरामनं हातातली हौजीची तिकिटं नीट एकावर एक ठेवली आणि उठून बाहेर गेला. मी मनात म्हटलं, झालं, हाही गेला.

तो गेला होता नाक्यावरच्या पीसीओवर. एक फोन आशालताबाईंना, एक सावेंना, एक आमच्या इमारतीत. तीन फोन. मी चहाचे इतके कप रिचवले, आणि यानं फक्त तीन फोन केले. आणि त्याची चूक म्हणाल तर ती काय? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की सांगायचं नाही.

नऊच्या आत पहिली रिक्षा आली. आशालताबाई उतरल्या. पांढरी साडी. मागून सावे, पांढरा सदरा, घडीसुद्धा न मोडलेला. मग जितेश, आणि खरंच अख्खी बिल्डिंग. ज्यांना माझं नाव माहीत नाही, जे जिन्यात मला बघून बाजूला सरकत नाहीत, ती सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, बायका डोक्यावरून पदर घेतलेल्या. आली, दाराशी पेटी दिसली, कोणी विचारलं नाही श्रीलंका की तमिळनाडू, टाकलं आणि आत येऊन गप बसली. आणि हे शहरातले लोक आत जाताना बघून फर्डिनंडनं सायकल भिंतीला लावली असेल, कारण थोड्या वेळात गावही आलं. त्यांच्यात दुःखाला काळं घालतात. एका अंगाला सगळे पांढरे, दुसऱ्या अंगाला सगळे काळे, बुद्धिबळ मांडल्यासारखे, आणि मधून एकटी मटिल्डा फिरतेय मोरपंखी साडीत.

कारण तिला कपडे दिसलेच नाहीत हो. तिला माणसंच दिसली. 'आले, आले बघा! मी म्हणत होते ना? बसा, बसा. रिक्षा मिळाली नसंल. आल्बर्ट, गाणं लाव रे.' आल्बर्टनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. त्यानं एक ओळ वाजवली आणि तोंडातून क्लॅरिनेट काढून पुसत बसला.

आणि मटिल्डा ताटं घेऊन आली.

आता पंचाईत बघा. आमच्यात दुःखाच्या घरी भेटायला गेलं तर पाणीसुद्धा घेत नाहीत. पहिलं ताट आलं आशालताबाईंपुढं. बाईंचा हात मांडीवरून उठेना. नको म्हणावं, तर आईच्या तोंडावर सांगितल्यासारखं, की बाई, तुझी लेक गेली. घ्यावं, तर मयताच्या घरी जेवलो असं होणार. मटिल्डा ताट पुढं धरून उभी, 'घ्या ना, गरम आहे,' आणि सगळा हॉल त्या ताटाकडं बघतोय. तेवढ्यात मागून आवाज आला, 'वहिनी, इकडं वाढा. शनिवार असू दे.'

काशीराम. आयुष्यात शनिवारी कधी अंड्याला शिवला नाही हा माणूस. त्यानं भुजिंगचा घास घेतला, गिळला, आणि मान हलवली. मग आशालताबाईंनी ताट घेतलं. मग सावेंनी. मग पांढरे, मग काळे, सगळे जेवले. तुम्हाला सांगतो, एवढी माणसं मी एकत्र जेवताना खूप बघितली, पण असं जेवण बघितलं नाही. चमच्याचा आवाज नाही. मटिल्डा रांगांतून फिरतेय, आग्रह करतेय, 'आणखी घ्या, लाजू नका,' आणि जो तो घेतोय. नको कोणी म्हणत नाही. ती खूश. मला म्हणाली, 'भाऊ, बघा, किती आवडीनं खातात.'

मी घास घेतला. मीठ, हो. मुठीनं पडलेलं मीठ. एकदा घातलं असेल, मग रांधता रांधता मन कुठं तरी गेलं असेल, परत घातलं, परत घातलं. जिभेला चटका बसत होता. भुजिंगमध्ये तसं, बिरड्यात तसं. पण खाली मान घालून सगळे खात होते.

सगळ्यांना वाढून झाल्यावर तिनं स्वतःसाठी थोडं घेतलं. माझ्या शेजारी बसली आणि घास तोंडात घातला. आणि थांबली.

चावेना. तोंडातला घास तसाच ठेवून तिनं पहिल्यांदा समोर नीट बघितलं. काशीरामकडं बघितलं. काशीराम, जो इतक्या वर्षांपूर्वीचा फिक्का रस्सा विसरला नव्हता, तो ताट पुसून खात होता.

'भाऊ,' मटिल्डा मला म्हणाली, 'मीठ किती पडलंय.'

मी म्हटलं, नाही वहिनी, ठीक आहे.

'कोणी बोललं का नाय?'

इतकी वर्षं जे लोक चांगल्या जेवणाला नावं ठेवत आले, ते या जेवणाला नावं ठेवत नव्हते. तिनं पांढऱ्या रांगेकडं बघितलं, काळ्या रांगेकडं बघितलं, आणि मग साडीचा पदर हातात घेऊन त्याच्या रंगाकडं बघत राहिली. 'म्हणजे हे जेवायला आलेले नाय,' म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. मग केसांतला मोगरा काढून ताटाशेजारी ठेवला आणि रडली. नाताळानंतर पहिल्यांदा. क्लेमेंट उठला नाही, त्याच्यानं उठवलंच नाही. आशालताबाई उठल्या, खरकट्या हातानंच तिला धरलं, आणि मग बायकांचा असा गराडा पडला की मला तिची साडी दिसेनाशी झाली. सावे तेवढे बसून राहिले, ताटातलं संपवत. टाकायचं कसं, असं वाटलं असेल. माणसाला वाटतं ना.

छप्पर झालं म्हणे त्या शाळेला. बरंच चांगलं झालं, असा मोठ्या सिस्टरांचा फोन होता.

पण ते नंतर. आधी रोवेनाच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवायची ठरली, रविवारी, गावच्या चर्चमध्ये. मटिल्डानंच ठरवली. मी सवयीनं विचारलं, वहिनी, कोणाकोणाला बोलवू? आचोळ्याकडून सुरुवात करतो. ती म्हणाली, 'नका भाऊ. याला बोलवावं लागत नाय.'

नाही बोलावलं. एका माणसाला बोलावलं नाही. जातीनं नाही, फोननं नाही, फळ्यावर खडूनंसुद्धा नाही. आणि रविवारी जाऊन बघतो तर चर्च भरलेलं, पायऱ्या भरलेल्या, अंगण भरलेलं. आमच्या लोकांना चर्चची रीत कुठली माहीत, त्यांनी आपल्या सगळ्यांनी देवळासारख्या चपला बाहेर काढलेल्या, दाराशी हा ढीग. मी गर्दीतून आत शिरायला बघतोय तर दारावर फर्डिनंड. म्हणाला, 'काका, आत पाय ठेवायला जागा नाय. तुमी इथंच थांबा, चपलांवर लक्ष ठेवा.'

राहिलो. कोणीतरी ठेवायलाच हवं होतं.